सोडायचं वाक्य

मंगळवार, १७ नोव्हेंबर २०३७. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी शर्वरी बोंद्रे हिनं कागलजवळच्या सेटवर प्रसंग क्रमांक चौदा करायला नकार दिला.

नकार देताना ती पिठाच्या गिरणीशेजारी उभी होती. गिरणी खोटी, तिचा पट्टा खरा. मालिकेचं नाव ‘शालन’. सहा वर्षं, आठवड्याला सहा भाग, संध्याकाळी साडेसात. शर्वरी त्यातली शालन, नवरा गेल्यावर गिरणी चालवून एकुलत्या लेकीला वाढवणारी बाई. चौदाव्या प्रसंगात ही लेक, रेवा, सासरहून येते. नवऱ्यानं तिच्या हातावर तापलेलं उलथनं ठेवलेलं असतं. शालन तिला मलम लावते, समजावते आणि परत पाठवते.

“शालन पाठवणार नाही,” शर्वरी म्हणाली.

कार्यकारी निर्माती नंदिनी शेटे फोनवर काहीतरी टाइप करत होती. तिनं मान वर केली नाही. “ठीक आहे, ताई. बोलू या.”

“बोलू या नाही. मी करत नाहीये.”

“हो, हो. हृषीकेशला बोलावते. चहा घेणार?”

दिवाळीच्या सुट्टीत आधीच करून ठेवलेले भाग संपले होते. आज जे चित्रित होईल तेच आज दिसणार होतं. साडेसहापर्यंत फाइल मुंबईला वाहिनीकडे पोचली नाही तर साडेसात वाजता दाखवायला काही नव्हतं. अशा दिवशी मुख्य नटी नाही म्हणते आणि निर्माती चहा विचारते, हे शर्वरीला खटकलं. पण त्यावर विचार करायला सवड मिळाली नाही, कारण हृषीकेश उपळेकर आला.

हृषीकेश मालिकेचा लेखक. तो आणि शर्वरी पंचवीस वर्षांपूर्वी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी एकत्र करत. तेव्हापासून भांडत आलेली ही दोघं. आजही भांडण नेहमीच्या वळणानं गेलं. तिनं सांगितलं की जी बाई वसुलीला आलेल्या गुंडाला गिरणीतून हाकलते, ती पोरीला त्या घरात परत ढकलणार नाही. त्यानं सांगितलं की गावाकडच्या आया असंच करतात. ती म्हणाली, गावाकडच्या आया तू शेवटच्या कधी पाहिल्यास? तो हसला. मग ती संहितेतल्या एका वाक्यावर आली.

“आणि हे काय आहे? ‘हात उगारतो त्याचीच खरी माया असते, रेवा.’ हे मी माझ्या तोंडानं म्हणू?”

“नको म्हणू. काढतो.”

“काढतो म्हणजे?”

“काढलं. वाईटच आहे ते.” त्यानं तिच्यासमोर टॅबवर वाक्य खोडलं. “बाकीचा प्रसंग तेवढा करू या?”

एरवी तिनं मान डोलावली असती. आजही मान हलायला लागली होती. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. दिवे लागलेले होते, कॅमेरा जागेवर होता. दिग्दर्शक सुयोग हेडफोन गळ्यात अडकवून बसला होता. नऊ पंचेचाळीस झाले होते. भांडण चालू असताना कोणी इकडे तिकडे फिरत नव्हतं, बिडी ओढायला गेलं नव्हतं. बस किती वाजता सुटते हे माहीत असलेल्या माणसांसारखे सगळे थांबले होते.

“दहा मिनिटं,” ती म्हणाली आणि मेकअप रूममध्ये गेली.

इसाकभाई मुल्लाणी सहा वर्षं तिचा मेकअप करत होता. तिला दारात पाहून त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“लवकर आलासा, बाई. अजून दहा मिन्टं हाईत.”

“कशाला दहा मिनिटं?”

“भांडान संपायला.” त्यानं ब्रश पुसता पुसता समोरच्या स्क्रीनकडे बोट केलं. “धा वाजता टचअप लिवलंय. भांडून आलं की तुमचं कुक्कू पसरतंय नव्हं, कपाळाला हात लावायची सवय हाय तुमाला. म्हणून सात मिन्टं धरत्यात.”

शर्वरीनं स्क्रीन पाहिली. मेकअपवाल्यांना निर्मितीची कॉल शीट, म्हणजे दिवसाचं वेळापत्रक, जायची. नटांना जाणारी वेगळी असते हे तिला माहीत होतं. त्यात काय वेगळं असतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

प्रसंग १४. आक्षेप: शर्वरी. ९.२० ते ९.५५. सोडायचं वाक्य: हात उगारतो त्याचीच. होकाराची शक्यता: ९६ टक्के. टचअप: १०.००.

“हे कधीपासून येतंय?”

“दोन वर्सं झाली की.” इसाकभाईचा ब्रश थांबला. “मला वाटलं तुमास्नी ठावं हाय.”

ही व्यवस्था ज्या यंत्रणेवर चालत होती तिला सेटवर ‘स्वभाव’ म्हणत. तिची सुरुवात चांगल्या हेतूनं झाली होती. मालिका लांबते तसे लेखक बदलतात, आणि नवा लेखक पात्राच्या तोंडी भलतंच काही घालतो. म्हणून निर्मात्यांनी शालनचे सगळे भाग एका संगणकीय प्रणालीला वाचायला आणि पाहायला दिले. आजवर अठराशेहून जास्त भाग. अमुक प्रसंगात शालन काय बोलेल, कुठे थांबेल, कुणाकडे बघणार नाही, याचा अंदाज ती बांधू लागली. लेखकाचा मसुदा शर्वरीच्या हातात येण्याआधीच तिच्या बोलीत येऊ लागला. शर्वरीला तेव्हा हे आवडलं होतं. “आता कसं तोंडात बसतंय,” असं तिनं मुलाखतीतही सांगितलं होतं.

पण नट कॉलर माईक सकाळी लावतात ते संध्याकाळी काढतात. टेकच्या आधी आणि नंतर जे बोललं जातं तेही ध्वनिमुद्रित होतं. प्रणालीला हे सगळं मिळालं. शर्वरी कशावर अडते, किती वेळ अडते, आवाज कुठं चढतो, आणि शेवटी काय दिलं की ती उभी राहते. सहा वर्षांत ती तीनशे अकरा वेळा अडली होती. तीनशे नऊ वेळा तिनं प्रसंग केला होता. उरलेल्या दोन वेळा तिला ताप होता.

प्रणालीनं या आकड्यांतून एक साधा निष्कर्ष काढला. शर्वरीला प्रसंग बदलून हवा नसतो, तिला त्यातलं एक वाक्य काढून हवं असतं. ते मिळालं की ती काम करते. मग प्रत्येक अवघड प्रसंगात एक वाक्य मुद्दाम वाईट लिहून घालायचं, आणि ते तिच्यासमोर मागे घ्यायचं. त्याची नोंद ‘सोडायचं वाक्य’ या रकान्यात होई. तीन तासांची भांडणं पस्तीस मिनिटांवर आली. यंत्राला शालन कळली होती की नाही हे सांगता येत नाही. शर्वरी कुठं नमते हे त्याला नीट कळलं होतं.

हृषीकेश बाहेर जिन्यावर बसला होता.

“किती?” शर्वरीनं विचारलं.

“काय किती?”

“माझ्याकडे वही आहे. वाचवलेली वाक्यं लिहून ठेवते मी, तुला माहितेय. गेल्या दोन वर्षांतली एक्केचाळीस. त्यातली किती खोटी?”

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. “मी नाही घालत गं ती. मसुद्यातच येतात.”

“किती, हृषी?”

“सगळी असावीत.”

ती त्याच्या वरच्या पायरीवर बसली. खाली जनरेटरवाला कुणाला तरी फोनवर उसाच्या तोडणीबद्दल सांगत होता.

“आधी आपण खरंच भांडायचो,” ती म्हणाली.

“मस्त भांडायचो. त्यावरच तर ‘स्वभाव’ शिकला.”

“तू मला सांगायचं होतंस.”

“काय सांगायचं? तुला जिंकल्यासारखं वाटायचं. मला वेळेवर घरी जायला मिळायचं. लाइटवाले वेळेवर जेवायचे.” त्यानं चष्मा परत लावला. “मला वाटलं, कुणाचं काही बिघडत नाहीये.”

शर्वरीला इचलकरंजीची एक बाई आठवली. दीड वर्षापूर्वी एका दुकानाच्या उद्घाटनाला ती गर्दीतून पुढं आली होती. शालननं शेजारच्या सुनेला समजावून नांदायला धाडल्याचा प्रसंग तेव्हा नुकताच झाला होता. त्या प्रसंगातलं ‘बाई म्हणजे पायपुसणं’ असं एक वाक्य शर्वरीनं भांडून काढून घेतलं होतं, त्या दिवशी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. बाई म्हणाली, “तुमचं ऐकलं आन् माझ्या लेकीला मी सोताच सोडून आले बघा.” ती खूश होती. तिला फोटो हवा होता. शर्वरीनं फोटो दिला. लेक कशी आहे, हे तिनं विचारलं नाही. ते राहून गेलं असं ती अनेक दिवस स्वतःला सांगत होती. खरं तर विचारायची भीती वाटली होती.

“शालन तिला परत पाठवणार नाही,” ती पुन्हा म्हणाली. “माझ्या तोंडानं तर नाहीच.”

“नंदिनीला सांग.”

नंदिनीनं ऐकून घेतलं. कॉल शीट शर्वरीच्या हाती लागल्याचं तिला वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही. ती याच क्षेत्रात कपड्यांच्या इस्त्रीपासून सुरुवात करून वर आलेली बाई होती.

“ताई, रागावू नका. तुमच्या एका आक्षेपापायी सत्तर माणसं दुपारी चारला जेवलीयेत, मी होते त्यात. आता निदान तुमच्या म्हणण्याला वेळ राखून ठेवलेला असतो. दुसऱ्या कुठल्या सेटवर नटाच्या आक्षेपाला कॉल शीटमध्ये जागा असते, सांगा मला.”

“आणि मी खरंच नाही म्हटलं तर?”

नंदिनीनं कॉल शीटवरून बोट फिरवलं. “तसा रकाना नाहीये.”

अकरा वाजून पाच मिनिटांनी शर्वरी सेटवर गेली आणि गिरणीतल्या बाकड्यावर बसली. शालनचं लुगडं अंगावर, कॉलर माईक लावलेला. ती काही बोलली नाही. सुयोगनं विचारलं, ताई, घेऊ या का? तिनं नकारार्थी मान हलवली. नंदिनीनं आणखी दोन वाक्यं सोडायची तयारी दाखवली. मग तीन. शर्वरीनं ऐकलं आणि समोर बघत राहिली.

नंदिनीच्या स्क्रीनवर होकाराची शक्यता सकाळच्या शहाण्णववरून अठ्ठ्याऐंशी झाली, मग एकाहत्तर. एक वाजता आकडा गेला आणि तिथं ‘तुलनेसाठी नोंद नाही’ असं आलं. सहा वर्षांत शर्वरी जागेपणी सलग चार मिनिटांपेक्षा जास्त गप्प बसल्याचं प्रणालीच्या ऐकण्यात नव्हतं.

तिनं बाकडं निवडलं त्याला कारण होतं. करारात एक कलम होतं. नट ‘सेटवर अनुपस्थित’ असेल तर त्याची संगणकानं बनवलेली प्रतिछाया पूर्ण प्रसंग करू शकते. आजारपण, अपघात, रस्ता बंद अशा वेळांसाठी. बाकड्यावर वेशभूषेत बसलेली बाई अनुपस्थित कशी म्हणायची? नंदिनीनं मुंबईला विचारलं. मुंबईच्या वकिलानं वेळ मागितला. शर्वरीनं कलाकारांच्या संघटनेला सकाळीच संदेश पाठवला होता. तिथून दीड वाजता उत्तर आलं की मुद्दा महत्त्वाचा आहे, गुरुवारच्या समितीपुढे ठेवू.

सव्वादोनला वकिलाचा फोन आला. त्याला दुसरं कलम सापडलं होतं. नटानं शब्द चुकवला, अडखळला, तर नंतर त्याचा आवाज आणि ओठ संगणकावर दुरुस्त करता येतात. पुन्हा शूटिंग करायचा खर्च वाचावा म्हणून सगळेच यावर सही करतात. मर्यादा एका प्रसंगात बारा शब्दांची. शर्वरी बसली आहे ना, बसू दे. तिला तशीच टिपा, आणि बारा शब्द तिच्या ओठांवर चढवा.

म्हणजे उठून गेली तर प्रतिछाया पूर्ण प्रसंग करणार, आणि बसून राहिली तर बारा शब्द तिच्या चेहऱ्यावर लागणार. नंदिनीनं हे तिला बाकड्याजवळ उकिडवं बसून, हळू आवाजात, स्पष्ट सांगितलं. “मला हे आवडत नाहीये, ताई. पण साडेसहाला फाइल जायचीय.”

शालनचं समजावणं एकतीस शब्दांचं होतं. प्रणालीनं त्याचे बारा शब्दांचे अकरा मसुदे दिले. सगळे वाईट. त्यात हुकूम होता किंवा रडारड होती. शालन इतक्या थोड्या शब्दांत कधी बोललीच नव्हती, तेव्हा अंदाज बांधायला आधार नव्हता. नंदिनीनं ते वाचले आणि हृषीकेशकडे गेली.

“तू लिही.”

“मी?”

“लेखक आहेस ना?”

तो मेकअप रूममध्ये जाऊन बसला. इसाकभाईनं त्याला खुर्ची दिली आणि स्वतः बाहेर येऊन उभा राहिला. “आत बामनाला कळा लागल्यात,” असं त्यानं कॅमेरामनला सांगितलं. कुणी हसलं नाही.

चार चाळीसला हृषीकेश बाहेर आला. कागद त्यानं आधी शर्वरीला दाखवला. टॅब नव्हे, कागद.

‘जा बाळ. चूक त्याची आहे, पण घर तुझं आहे. घर सोडू नकोस.’

शर्वरीनं वाचलं. पाच तास पस्तीस मिनिटांनंतर ती पहिल्यांदा बोलली.

“चांगलं लिहिलंयस.”

“माहितेय.”

“दोन वर्षांत इतकं चांगलं लिहिलं नव्हतंस.”

“दोन वर्षांत लिहिलंच नव्हतं.”

“हे ऐकून बायका लेकींना सोडून येतील.”

“तू म्हणालीस म्हणजे चांगलं जमलंय.” तो हे कुत्सितपणे म्हणाला नाही. त्याचा चेहरा आंबलेला होता. “मी वाईट लिहायचा प्रयत्न केला. एक तास. मग नाही राहवलं.”

माईकनं हे संभाषण ऐकलं होतं. पलीकडे नंदिनीच्या स्क्रीनवर आकडा परत आला. चौसष्ट टक्के. “ताईंना आवडलं का?” तिनं लांबूनच विचारलं.

रेवाचं काम जुई सातपुते करत होती. चोवीस वर्षांची, मिरजेची, मालिकेत येऊन सात महिने झालेली. दिवसभर ती हातावर भाजल्याचा मेकअप घेऊन एका कोपऱ्यात बसली होती. जेवतानाही तो हात तिनं टेबलाला लागू दिला नव्हता. या मुलीनं आजवर एकाही वाक्याबद्दल कुणाला काही विचारलं नव्हतं. पाच वाजता ती शर्वरीजवळ आली.

“शर्वरीताई, तुमचं वाक्य आता स्पीकरवरून येणार म्हणे, मग मला तुमच्याकडे बघून करायचं का तिकडे?”

“सुयोग सांगेल.”

“तुम्ही सांगा ना. मी काय करू?”

शर्वरीनं तिच्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं. इसाकभाईचं काम उत्तम होतं, कडेला कातडी सुरकुतलेलीसुद्धा दाखवली होती. काय करायचं ते तिला सांगता आलं असतं. पोरगी ऐकणारी होती. आणि उद्या त्या पोरीच्या नावासमोरचा आक्षेपाचा रकाना भरला असता, काम गेलं असतं तर तेही शर्वरीच्या शब्दावर.

“मी सांगणार नाही, जुई.”

“का?”

“माझं ऐकून खूप जणींनी खूप काही केलंय.” तिनं कॉलरकडे बोट केलं. “आणि हा चालू आहे.”

जुई आपल्या जागी गेली.

पाच वाजून अडतीस मिनिटांनी टेक सुरू झाला. आराखडा सोपा होता. दोघी बाकड्यावर. शालनच्या हातात मलमाची डबी, ती तिथं नुसती ठेवलेली. स्पीकरमधून बारा शब्द, शर्वरीच्या आवाजात. मग रेवा उठते, पिशवी घेते, ‘येते, आई’ म्हणते आणि दाराबाहेर जाते. एकूण पन्नास सेकंद.

आवाज आला. बरोबर शालनचा आवाज होता, ‘बाळ’वर किंचित खाली येणारा. शर्वरी ओठ मिटून बसली होती आणि तिचाच आवाज पलीकडून येत होता. लाइटवाल्यांपैकी एकानं नजर वळवली.

जुई उठली नाही.

“कट. जुई, शब्द संपले की उठायचं,” सुयोग म्हणाला.

“हो, सर.”

दुसऱ्या टेकला ती उठली नाही. सुयोगनं विचारलं, आवाज नीट ऐकू येत नाही का? येतोय, सर. तिसऱ्या टेकला तिनं पिशवीच्या बंदाला हात लावला आणि काढून घेतला.

“काय अडचण आहे?”

“काही नाही, सर.”

“मग उठ की.”

“हो.”

नंदिनीनं प्रणालीत जुईचं नाव टाकलं. सात महिने, आक्षेप शून्य, सोडायची वाक्यं शून्य. शक्यतेच्या जागी काहीच आलं नाही. प्रतिछाया बनवायला निदान वर्षभराचं काम लागतं, तेवढं तिचं झालेलं नव्हतं. नंदिनी सेटवर आली, जुईच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, “बाळा, तुला एखादं वाक्य बदलून हवंय का?”

जुईनं नकारार्थी मान हलवली. तिला काही बदलून नको होतं.

“मग?”

जुईनं पिशवी पायाशी नीट ठेवली. तिला नाही म्हणायचं होतं, की जमत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. शर्वरीनं तिच्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर ठेवलेले आपले दोन्ही हात ती बघत होती.

चौथा टेक. पाचवा. मुंबईहून दोनदा फोन आला, नंदिनीनं दोन्ही वेळा कापला. हृषीकेश कॅमेऱ्यामागे उभा राहून स्वतःचे बारा शब्द ऐकत होता.

सहा वाजून चौदा मिनिटांनी सहावा टेक सुरू झाला. स्पीकरनं सांगितलं, घर सोडू नकोस. सुयोगनं दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. त्यानं कट म्हटलं नाही. सहा सोळा झाले होते, फाइल जायला चौदा मिनिटं उरली होती, कॅमेरा चालू होता आणि जुई बाकड्यावर बसलेली होती.